बाशा-चिमणचा गाडीवान

पौष सरत आला की आमच्या पनवेलीत दोन वास एकदम येतात. एक खाडीच्या वाळत चाललेल्या चिखलाचा, आणि दुसरा शेताच्या बांधावर मडक्यात भाजत ठेवलेल्या वालाच्या शेंगांचा. मडक्याला भांबुर्ड्याच्या पाल्याचा बूच, वरून पेंढ्याचा जाळ. या दुसऱ्या वासासाठी मुंबईला नोकरीला गेलेली माणसं एस. टी.त उभी राहून घरी येतात. भात केव्हाच झोडून झालेलं असतं, शेतं मोकळी पडलेली असतात, जमिनीला भेगा पडू लागलेल्या असतात. आणि मग एका सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावरून रिकाम्या छकड्याचा खडखडाट ऐकू येतो. छकडा म्हणजे शर्यतीची हलकी बैलगाडी. दोन चाकं, एक दांडा आणि त्यावर तोल सांभाळणारा एक वेडा माणूस. कोणीतरी जोडी फिरवायला काढलेली असते. लोक हातातला चहा ठेवून बाहेर धावतात. मी खिडकी लावून घेतो.

यंदाही माघी पौर्णिमेच्या शर्यतीची पत्रिका आली. कडेला सोनेरी वेलबुट्टी आहे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे अशी नावांची उतरंड आहे. बैलांचा उल्लेख शेवटून दुसऱ्या ओळीत आहे, तोही अनेकवचनी. आणि माझ्या नावाआधी कोणीतरी ‘आद्य नियमकार’ असं छापलं आहे. पत्रिका घेऊन आलेला गृहस्थ मला म्हणाला, “गुरुजी, तुम्ही घालून दिलेले नियमच अजून चालतात. फक्त त्यात वाढ झाली आहे. आता चौपन्न आहेत.” मी त्याला चहा दिला. येणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. दर वर्षी मी कुठला तरी आजार सांगतो आणि दर वर्षी तो मला औषध सुचवतो.

चौपन्न! माझ्या वेळी सतरा होते, आणि सतरांनीच पुरेसं काम केलं.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची आहे. स्वातंत्र्य नवीन होतं आणि प्रत्येक गोष्टीला घटना लागत असे. भजनी मंडळाला घटना, व्यायामशाळेला घटना, सार्वजनिक विहिरीलाही. तेव्हा बैलगाडीच्या शर्यतींनीच काय घोडं मारलं होतं? शर्यत कमिटीचे अध्यक्ष रावसाहेब म्हणजे महसूल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. ही पदवी देणारं सरकार बोटीत बसून निघून गेलं होतं, पण पदवी पनवेलीतच उतरून राहिली होती. मुंबईला त्यांनी एकदा घोड्यांच्या शर्यती पाहिल्या होत्या आणि तिथल्या नियमांचं एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. ते त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. मी सव्वीस वर्षांचा, शाळेत इतिहास आणि भूमिती शिकवणारा, अविवाहित, म्हणजे सार्वजनिक कामाला अगदी लायक.

“घोडा काढा आणि बैल घाला,” रावसाहेब म्हणाले. “बाकी भाषा भारदस्त असू द्या.”

मला हसू आलं होतं. समारंभ, बिल्ले, फेटे, हार यांच्याकडे मी तेव्हाही तिरक्या नजरेनंच पाहत असे. इतिहासात मी वाचलं होतं की पूर्वेकडच्या रोमी राजधानीत रथांच्या शर्यतीचे निळे आणि हिरवे असे दोन तट होते आणि त्यांनी एकदा भांडता भांडता अर्धं शहर जाळलं. त्या मानानं पनवेलकर गरीब. पण थट्टा करता करता माणूस कामाच्या प्रेमात पडतो. आठ दिवस मी नियम लिहीत बसलो आणि सांगायला लाज वाटते, इतका सुखी मी फार थोड्या वेळा होतो.

कमिटीच्या बैठका शाळेच्याच एका वर्गात, मुलांच्या बाकांवर बसून होत. पराणीच्या टोकाला किती खिळा असावा यावर दोन तास गेले. पराणी म्हणजे बैलाला टोचायची काठी. जुनी चाल अशी की खिळा तांदळाच्या दाण्याएवढा असावा.

“कुठल्या तांदळाच्या?” एकानं विचारलं. “कोळंब्याच्या का रात्याच्या?”

“आपल्या घरात शिजतो त्याच्या.”

“तुज्या घरात तांदळाच्या कन्या शिजतात, आमाला म्हायती हाय!”

शेवटी मी ‘एक सूत’, म्हणजे इंचाचा आठवा भाग, असं लिहिलं आणि माझ्या मते पनवेल तालुक्यात विज्ञानयुग सुरू केलं. छकड्याचं वजन, चाकाची लोखंडी धाव, बैलाला काही पाजलं असल्यास काय, दोन जोड्या घासल्या तर काय. सातवा नियम गाडीवानांचा. हा माझा लाडका नियम. आदल्या वर्षी एका मालकानं दुसऱ्याचा गाडीवान ऐन वेळी, बैल जुंपलेले असताना फोडला होता. पुराणांतसुद्धा सारथी फोडल्याचे दाखले आहेत. पनवेलीत त्याला मटणाचं एक जेवण पुरत असे. म्हणून मी लिहिलं: शर्यतीच्या आठ दिवस आधी प्रत्येक मालकानं आपल्या गाडीवानाचं नाव कमिटीकडे नोंदवावं, त्यानंतर नाव कोणत्याही कारणास्तव बदलता येणार नाही. ‘कोणत्याही कारणास्तव’ खाली मी रेघ ओढली होती. अकरावा नियम: त्या आठ दिवसांत कोणाही पंचानं कोणाही मालकाच्या घरी पाऊल टाकू नये.

धाकलूबाबा नावाचे एक म्हातारे शेतकरी त्या बैठकांना कोपऱ्यात बसत. त्यांनी पन्नास वर्षं शर्यती पाहिल्या होत्या, त्यामुळे त्यांना कमिटीवर घेतलेलं नव्हतं. सतराव्या नियमानंतर ते म्हणाले, “मास्तर, येक ऱ्हायला. ज्या गाडीवानाचे हातची जोडी सुटली, त्यानं त्या साली शर्यतीला येव नाय. बांधावं उभा ऱ्हाव नाय. अशी चाल हाय.”

“का बरं?”

“चाल हाय.”

मी म्हणालो, “बाबा, कारण नसेल तर तो नियम नाही, ती अंधश्रद्धा.” बाकांवर हशा पिकला. म्हातारा हसला नाही आणि रागावलाही नाही. त्यानं तंबाखूची चंची उलगडली आणि पुन्हा गुंडाळली. नियम सतराच राहिले.

आता जोमाविषयी सांगायला हवं. इतका वेळ मी नियमांबद्दल लिहीत बसलो याचं कारण तेच आहे.

पनवेलीपासून तासाभराच्या वाटेवर, खाडीकडेच्या एका वाडीत बाळाराम नावाचे शेतकरी होते. त्यांना सारे दादा म्हणत. त्यांची बाशा आणि चिमण ही जोडी. बाशा पांढरा, थोराड, कपाळावर विटकरी डाग. चिमण किरकोळ, काळसर, पण पायात वारा. ही जोडी जोमानं घडवली होती. जोमा एरवी मिठागरावर काम करायचा. पस्तिशीचा, सडपातळ, पायाच्या तळव्यांना मिठाच्या चिरा पडलेल्या. वासरं असल्यापासून त्यानं त्या दोघांना चारलं, धुतलं, खाडीत पोहवलं. तो पराणी बाळगत नसे. छकड्यावर उभा राहून तो एक हाक देई, शीळ आणि शब्द यांच्या मधली काहीतरी, “हुईऽऽ बाशा, हुईऽऽ” अशी. ती ऐकली की दोन्ही बैल माना खाली घालून असे निघत की बाकीच्या जोड्या नांगराला जुंपल्यासारख्या वाटत. प्रत्येक गाडीवानाची हाक वेगळी असते आणि दुसऱ्याची हाक कोणी तोंडात घेत नाही. लागोपाठ तीन वर्षं ढाल बाळारामदादांच्या ओसरीवर होती. ढाल चांदीची म्हणून ओळखली जाई. पावसाळ्यात तिला गंज चढे.

दादा आणि जोमा यांच्यात कसलाही कागद नव्हता. दिवाळीनंतर दादांची बायको जोमाला ओवाळून त्याच्या मनगटाला लाल फडकं बांधायची, झाला करार. एकदा मी जोमाला विचारलं होतं, तुला यातून मिळतं काय? तो म्हणाला, “दादा बोलतं, जोमा हाय त मना मागं बघाया लागत नाय.” तेवढंच. मला ते उत्तर तेव्हा अपुरं वाटलं होतं.

नावनोंदणीला चार दिवस उरले होते. मी शनिवारी दुपारी नानाशेठ यांच्या भाताच्या गिरणीवर तांदूळ आणायला गेलो होतो. नानाशेठ यांचीही शर्यतीची जोडी होती, आणि त्यांच्याकडे जीप, घड्याळ, रेडिओ असं सगळं होतं, फक्त ढाल नव्हती. गिरणीच्या मागच्या अंगणात, कोंड्याच्या ढिगापाशी मला जोमा बसलेला दिसला. मूठभर कोंडा हातावर घेऊन तो फुंकर मारत होता, चिमटीत चोळून बघत होता, जिभेवर ठेवत होता.

“काय रे, काय शोधतोस?”

“बारीक पायजे मास्तर. दादाचे घरला जाड हाय. बाशाचे घशात अडकतो.”

त्यानं अर्धं पोतं भरलं, खांद्यावर टाकलं आणि निघून गेला. मीही निघालो.

स्टँडसमोरच्या हॉटेलात रविवारी सकाळी मी चहा प्यायला बसलो तेव्हा ही बातमी माझ्याआधी तिथं पोचलेली होती. जोमाला नानाशेठच्या गिरणीत पाहिलं, असं एक जण म्हणाला. दुसऱ्या कपापर्यंत जोमा तिथं खुर्चीवर बसलेला होता. तिसऱ्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी त्याला जीपमध्ये पाहिलं होतं. “पुढल्या सीटवर?” “मग काय मागल्या? गाडीवान तो!” संध्याकाळी त्याच्या अंगावर नवं धोतर होतं, आणि सोमवारी सकाळी त्यानं नानाशेठच्या बैलांना आपली हाक शिकवायला घेतली होती. एका कंडक्टरनं ती हाक म्हणूनही दाखवली.

मी तिथं होतो. खरं काय ते त्या हॉटेलात एकट्या मला ठाऊक होतं. पोतं कशाचं होतं, कोणासाठी होतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण अफवा कशी अंकुरते, तिला पानं कशी फुटतात, हे पाहण्यात मला रस होता. मी रसिकपणे ऐकत होतो. मनात म्हणत होतो, बखरी अशाच लिहिल्या गेल्या असणार. तेवढं शहाणपण मी दोन कप चहात मिळवलं.

बुधवार नोंदणीचा शेवटचा दिवस. दिवेलागणीच्या आधी बाळारामदादा शाळेत आले. मोठे, थोराड गृहस्थ. बाकावर बसले तर बाक करकरलं. डोळे लाल होते.

“ल्हिवा मास्तर. जोडी बाशा-चिमण. गाडीवान कमळू.”

कमळू त्यांचा पुतण्या. अंगानं दणकट, मिशी नुकती राखलेली.

मी लेखणी थांबवली. “दादा, जोमा?”

“त्याचं नाव नगं.”

“लोक काहीही बोलतात हो.”

“लोकांचा नाय मी आयकत. मी त्यालाच इचारला, गिरनीत गेलतास का? त हो बोलला. पुढं आयकाया मी थांबलू नाय. तीन सालं मी मागं बघितला नाय, मास्तर. आता बघतू त मागं कोन नाय.”

तेव्हाही माझं वाक्य माझ्यापाशी होतं. पण मी नोंदणी अधिकारी होतो, आणि शर्यतीचा पंचही. एका मालकानं कोणता गाडीवान घ्यावा याविषयी मत देणं मला पंचाच्या पदाला शोभणारं वाटलं नाही. गळ्यात बिल्ला नुकताच आला होता. दुसऱ्यांच्या बिल्ल्यांना मी हसलो होतो. माझा मात्र मला पितळेचा असूनही जड वाटत होता. मी ‘कमळू’ असं लिहिलं आणि टिपकागदानं टिपलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत जोमा आला. शाळेच्या पायरीवर उकिडवा बसला. मनगटावर लाल फडकं होतंच. ते सोडायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

“मास्तर, तुमी बघितला व्हता मना. कोंडा घेताना.”

“हो, पाहिलं होतं.”

“मंग तेवढा दादाला सांगा.”

“नाव आता बदलत नाही, जोमा. सातवा नियम आहे.”

“नाव नगं बदलू. कमळूला हाकू द्या गाडी. ढाल कोनाला पन जाव दे. दादाला फकस्त सांगा, जोमा इकला गेला नाय. माज्या तोंडानं त्यो आयकत नाय. तुमी मास्तर, तुमचा आयकल.”

मी त्याला अकरावा नियम समजावून सांगितला. पंचानं मालकाच्या घरी जायचं नाही. शर्यत पौर्णिमेला, ती होऊ दे. संपली की मी स्वतः तुला हाताला धरून दादांच्या समोर नेतो आणि सगळ्यांदेखत सांगतो. तू फक्त मैदानावर ये आणि माझ्याजवळ उभा राहा.

तो घुटमळला. “मना येव नाय तिथं. चाल हाय.”

“कुठं लिहिलं आहे?” मी म्हणालो. “सतरा नियम आहेत. त्यात दाखव.”

त्याला वाचता येत नव्हतं. हे माझ्या लक्षात नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पौर्णिमेचा दिवस स्वच्छ उजाडला. खारीच्या बंधाऱ्याआतली शेतं सपाट करून धाव आखली होती. एका बाजूला लांबचलांब बांध, बांधाच्या पायथ्याशी पाणी निघून जायला खणलेला चर, तो तेव्हा कोरडा. चिरनेरपासून उलव्यापर्यंतची माणसं बांधावर दाटलेली. बायका टोपल्यांत काकड्या, बोरं, सुकट घेऊन बसलेल्या. मांडवात पाहुणे आले, त्यांना हार घातले, मग ज्यांनी हार घातले त्यांना हार घातले. बैल उन्हात उभे होते. रावसाहेबांनी भाषणात माझ्या नियमांचा गौरव केला. माझ्या बाजूला, बांधावर, धावेच्या शेवटच्या खुणेशी जोमा उभा होता. त्यानं धुतलेला सदरा घातला होता. आसपासची माणसं त्याच्याकडे बघत होती आणि थोडी सरकून उभी होती. धाकलूबाबा काठी टेकत जवळ आले, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढे निघून गेले.

चार जोड्या सुटल्या. धूळ उठली. पहिल्या काही क्षणांतच दिसलं की बाशा-चिमण पळत नाहीत. पळवले जात आहेत. कमळू ओरडत होता, शिव्या देत होता, पण त्याच्या ओरडण्याचा अर्थ त्या दोघांना लागत नव्हता. बाशा कान मागे टाकून मान वळवत होता, जणू मागच्या माणसाचा चेहरा एकदा बघून घ्यावा. नानाशेठची जोडी पुढे गेली. कमळूनं पराणी काढली. एक सुताचा खिळा. मी मोजून घेतलेला. बाशाच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल ठिपका आला, मग त्याचा ओघळ झाला.

जोमानं खांद्यावरचा रुमाल तोंडात धरला होता. दातांत. त्याचे खांदे थरथरत होते. बांधावरून कोणीतरी ओरडलं, “बघ, बघ, मजा बघतंय!”

आणि मला, समारंभांकडे तिरकं बघणाऱ्या मला, त्या क्षणी काय झालं कोण जाणे. मला त्या बैलांची दया आली म्हणू? की माझ्या अन्यायाची भरपाई तिथल्या तिथं करून टाकावी असं वाटलं? गलक्यात त्याच्या कानाशी मी म्हणालो, “अरे, हाक दे ना! एक हाक दे!”

त्यानं रुमाल तसाच ठेवून मान हलवली. नाही.

“मी सांगतोय ना!” मी म्हणालो. वर्गात म्हणतो तसं.

त्यानं रुमाल काढला आणि हाक दिली.

मला वाटलं होतं बैलांना जोर चढेल आणि ते पुढे निघतील. आवाज कुठून तरी येत असतो एवढी साधी गोष्ट भूमिती शिकवणाऱ्याच्या डोक्यात आली नाही. गाडीवान मागे असतो तोवर बैल पुढे पळतात. तो बांधावर असला तर ते बांधाकडे येतात. पन्नास वर्षं बघणाऱ्या म्हाताऱ्याला हे इतकं उघड होतं की त्याचं कारण सांगायचं असतं हेच त्याला सुचलं नव्हतं.

ते आले. दोन्ही माना खाली, शेपट्या ताठ, त्या दिवशी पहिल्यांदाच खऱ्या वेगानं, शेजारच्या जोडीच्या पुढून तिरपे कापत, सरळ जोमाच्या दिशेनं. लोक पळाले. जोमा पळाला नाही. दोन्ही हात वर करून ‘होऽ होऽ’ करीत तो बांध उतरून खाली धावला. मध्ये चर होता. बाशाचा पुढचा पाय त्यात गेला. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. छकडा उलटा होऊन कमळू लांब फेकला गेला. त्याचा हात मोडला आणि पुढे वाकडाच जुळला. चिमण जुवाखाली गुडघ्यावर उभा राहिला, थरथरत. जोमा चरात उतरला आणि त्यानं बाशाचं डोकं मांडीवर घेतलं. बाशा त्याच्या अंगात मुरलेल्या कोंड्याच्या वासानं की काय, त्याचा खांदा चाटत होता.

शर्यत पूर्ण झाली. नानाशेठच्या जोडीला ढाल मिळाली. नियमांत अपघातामुळे शर्यत थांबवावी असं कुठं नव्हतं.

मग मांडवात चौकशी बसली. पाहुण्यांचे हार टेबलावर पडलेले होते, ते सरकवून मी नोंदवही ठेवली. रावसाहेब मधोमध. समोर जोमा, सदऱ्यावर रक्त. बाजूला बाळारामदादा, हातांना माती, खाली मान घालून.

“हाक तू दिलीस?” रावसाहेबांनी विचारलं.

“दिली.”

“हाक द्यायला तुला कोणी सांगितलं?”

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच नाव होतं, आणि तो मालक मांडवाबाहेर गुलालात न्हात होता. जोमानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. एखादा माणूस दार उघडं आहे का हे बघतो तेवढा वेळ.

माझ्या हातात लेखणी होती.

“कोनी नाय,” जोमा म्हणाला. “मीच दिली.”

पुढे पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावत आलो की त्यानं मला वाचवलं. आता तो विचारसुद्धा मला माझ्याच फुशारकीचा एक प्रकार वाटतो. त्यानं मला वाचवण्याचं कारण काय होतं? त्याच्या बाजूनं बोलणारं जगात एकच तोंड होतं, आणि ते तोंड टेबलामागे बंद बसलेलं त्यानं पाहिलं. मास्तर हाकेबद्दलच बोलत नाही, तर तो कोंड्याबद्दल काय बोलणार, एवढा हिशोब त्याला जमला असावा.

बाळारामदादा उठले. रागावलेले नव्हते, रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “जोमा, मागितली असतीस त जोडीच दिली असती तुला. अशी कशाला घेतलीस?”

मी लिहिलं: ‘सदर इसमाने कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःहून हाक दिल्याचे कबूल केले.’ खाली जोमाचा अंगठा घेतला. मग कमिटीच्या एकमतानं अठरावा नियम झाला: पूर्वीच्या गाडीवानानं मैदानात येऊ नये. तोही मीच लिहिला, भारदस्त भाषेत. धाकलूबाबांना तो कोणी वाचून दाखवला नाही.

बाशा तिसऱ्या दिवशी गेला. चिमणला दुसऱ्या बैलाबरोबर जुंपलं की तो खाली बसे. मारलं तरी उठत नसे. दादांनी त्याला विकलं नाही आणि पुन्हा जोडीही बांधली नाही. जोमा मिठागरावरच राहिला. हॉटेलात लोक म्हणत, नानाशेठनं त्याला घर बांधून दिलं. कोणी म्हणे, उरणला जमीन दिली. माझ्यासमोरही म्हणत. त्याचं घर पूर्वीइतकंच कुडाचं आहे हे बघायला कोणीही तासभर चालून जाऊ शकलं असतं. अफवेला पाय असतात असं म्हणतात. मला वाटतं ऐकणाऱ्याला नसतात.

मी दोनदा त्या वाडीकडे निघालो. एकदा दिवाळीत, एकदा उन्हाळ्यात. दोन्ही वेळा दादांच्या ओसरीवर माणसं बसलेली दुरून दिसली आणि मी परत फिरलो. चारचौघांत कसं बोलायचं? एकांतात गाठू, म्हणालो. कमिटी मी त्याच वर्षी सोडली. लोकांना वाटलं, हळवे आहेत मास्तर. शाळेत मी इतिहास शिकवत राहिलो: अमुक राजानं विश्वासघात केला, तमुक सरदार फितूर झाला. कधी कधी वाटे, यातल्या किती जणांच्या खांद्यावर नुसतं कोंड्याचं पोतं असेल?

गेल्या वर्षी आषाढात बाळारामदादा गेले. मला चार दिवसांनी कळलं. आणि सांगायला नको असं एक सांगतो: ते कळल्यावर मला धीर आला. पावसाळा सरला, मिठागरांची डागडुजी सुरू झाली, तेव्हा मी चालत जोमाकडे गेलो. तो वाफ्यात गुडघाभर चिखलात उभा राहून पायानं तळ तुडवत होता. केस पांढरे झाले होते. मनगट मोकळं होतं. मी वाफ्याच्या कडेला उभा राहिलो आणि बारा वर्षांत पाठ झालेलं सगळं बोलून टाकलं. कोंडा, हॉटेल, सातवा, अकरावा, हाक, वही. म्हणालो, जोमा, मी कमिटीला लिहून देतो. पत्रकात छापतो. वाडीत येऊन सगळ्यांपुढे सांगतो.

तो तुडवता तुडवता थांबला नाही. एका टोकाला गेला, वळला, परत माझ्यापर्यंत आला.

“कोनाला सांगता आता, मास्तर?” तो म्हणाला. “ज्याला सांगायचा व्हता, त्याच्या मयताला मना खांदा पन देव दिला नाय.”

आणि पुन्हा वळून चिखल तुडवत दुसऱ्या टोकाकडे गेला. मी बराच वेळ तिथं उभा होतो. त्यानं मला बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.